पडद्यातली खोली

"अन् हा पंखा कायले?" देवाजीने विचारलं.

"हा कॅबिनेटचा, काका. मघा दाखवला तो प्रोसेसरचा. अन् हे दोन ग्राफिक्स कार्डाचे." रजतने काउंटरवर मांडलेल्या खोक्यांवरून हात फिरवला.

"म्हणजे एवढ्याशा डब्यात चार पंखे. आमच्या अख्ख्या घरात दोन हायेत."

पायल हसली. बाबा कंटाळतील, पाच मिनिटांत खाली जाऊन चहाच्या टपरीवर उभे राहतील, असं तिला वाटलं होतं. खोकी घरी कन्हानपर्यंत उचलून न्यायला कोणीतरी हवं म्हणून ती त्यांना नागपुरात सीताबर्डीच्या या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात घेऊन आली होती. पण देवाजीने स्टूल ओढलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. मदरबोर्ड म्हणजे काय, त्यावर ही गावाच्या नकाशासारखी रेघोट्यांची नक्षी कशाची, रॅम काढली तर काय होईल. रजतही तिशीतला हौशी दुकानदार. गिऱ्हाइकं बहुधा भाव विचारत. हे कोण आलं कारण विचारणारं, म्हणून तोही खुलला होता.

पायलला शाळेपासून गेम खेळायचं वेड. मामाच्या घरी, मैत्रिणीच्या घरी, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याची पाळी संपायची वाट बघत ती खेळली. आता ती धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर होती. वर्षभर पगारातून बाजूला काढून तिने हे बजेट जमवलं होतं, आणि त्यात काय काय बसतं याचा अभ्यास रोज बसमध्ये मोबाइलवर केला होता.

"अन् हा वजनदार डबा?"

"एसएमपीएस. घरचा करंट याच्यात येते, अन् हा सगळ्याले ज्याच्या त्याच्या हिशोबानं वाटून देते. लोक याच्यातच काटकसर करतात, मंग रडतात."

"मी नाही करून राहिली," पायल म्हणाली. "याच्यात नाही, अन् कार्डातबी नाही."

ती बोलत होती रजतशी, पण तिचा हात होता हे सगळे भाग ज्यात बसवायचे त्या काचेच्या कॅबिनेटवर. आत निळा दिवा हळूहळू जांभळा होई, जांभळा हिरवा होई. असं कॅबिनेट मोबाइलवर कितीदा पाहिलं असेल तिने.

देवाजी तिच्या डाव्या बाजूला बसला होता. हल्ली तो नेहमीच डावीकडे बसे, म्हणजे माणसं त्याच्या उजव्या डोळ्याच्या हद्दीत राहत. डावा डोळा गेला त्याला आता तिसरं वर्ष. खाणीत टायर बदलताना दगडाची कपची उडाली, बस. डोळा दिसायला जागेवर होता. त्यात उजेड तेवढा नव्हता. तोवर बावीस वर्षं तो उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवत होता. माती भरलेला डंपर आधी हॉर्न देऊन मागे मागे घेत ढिगाऱ्याच्या कडेपर्यंत न्यायचा, आणि कड संपून पोकळी सुरू होते त्याच्या अलीकडे थांबायचं. एका डोळ्याने कड दिसायची, पण ती किती दूर आहे ते कळत नसे. डॉक्टरने कागदावर 'अनफिट' लिहिलं ते त्यालाही पटलं होतं. आता तो हजेरी कार्यालयात बसायचा. मोटारसायकल त्याने भाच्याला देऊन टाकली.

"ताई, कार्डाचा फरक डोळ्यानंच पाहा," रजत म्हणाला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर त्याने ट्रकचा खेळ सुरू केला. समोर टेबलाला स्टेअरिंग घट्ट बसवलेलं, खाली पायात पेडल. "हे स्वस्तातलं कार्ड. आता हे तुमच्या मनातलं."

पायल स्टेअरिंगवर बसली. फरक खरोखर दिसला. झाडांना पानं आली, रस्त्यावर सावल्या पडल्या. पण ट्रॉली जोडलेला ट्रक गोदामाच्या आवारात मागे लावायची वेळ आली तेव्हा तिने तो आधी भिंतीवर घातला, मग खांबावर.

"उलटा फिरवला तू," देवाजी मागून म्हणाला. "ट्रॉलीले डावीकडं न्याचं असन तर स्टेअरिंग उजवीकडं."

"मंग तुम्हीच बसा न, बाबा."

"नाही वं. माह्यं काय."

"बसा न काका," रजत म्हणाला. "याच्यात काही तुटत नाही."

देवाजी बसला, पण लगेच हात लावला नाही. तळवे पँटला पुसले. मग दोन्ही हातांनी चाक धरलं आणि ते किती हलकं आहे हे पाहून किंचित हसला. पहिल्यांदा ट्रक वाकडा गेला. त्याने पुढे घेतला, सरळ केला. आरशात पाहिलं, पुन्हा मागे सोडला. भिंत आरशात मोठी होत आली. त्याचे खांदे ताठ झाले. इथेच, याच अंतरावर त्याला गेली काही वर्षं काही म्हणजे काही समजत नव्हतं. त्याने ब्रेक दाबला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"एकदम बरोबर, काका."

देवाजीने पुन्हा गाडी बाहेर काढली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मग चाक सोडून वळला.

"रजत, एक डोळा झाकून पाह्य बरं पडद्याकडं."

रजतने गंमत समजून झाकला.

"काही फरक?"

"नाही न. जसं होतं तसंच हाये."

"आता तसाच इकडं पाह्य. हा पेन घे."

देवाजीने पेन हवेत धरला. रजतने हात पुढे केला आणि त्याची बोटं पेनच्या अलीकडेच रिकामी मिटली. तो हसला; मग त्याची नजर देवाजीच्या डाव्या डोळ्यावर गेली आणि हसणं थांबलं.

"पडदा सपाट असते, काका," तो म्हणाला. "जवळचं मोठं काढतात, दूरचं बारीक. बाकी दोन डोळ्यावाला काय अन् एक डोळ्यावाला काय, तिथं सगळे सारखेच."

"हां," देवाजी म्हणाला. "मी तेच पाहून राहिलो होतो." आणि बसस्टँडपर्यंत ऑटो मिळतो का बघतो म्हणून जिना उतरून गेला. उतरताना प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपत होता. पायल वरून बघत राहिली.

तो नजरेआड झाल्यावर ती रजतकडे वळली.

"हे स्टेअरिंग विकाचं हाये का?"

"डेमोचं हाये, ताई. खोकं नाही त्याचं. पायजे असन तर कमीत देतो. पण तुमचं बजेट..."

पायलने काचेच्या कॅबिनेटकडे पाहिलं. आत हिरवा दिवा पुन्हा निळा होत होता.

"ते पत्र्याचं दाखवा," ती म्हणाली. "साधं."

कन्हानच्या बसमध्ये देवाजीच्या मांडीवर मॉनिटरचं खोकं होतं आणि पायलच्या पायाशी बाकीची. कामठी मागे पडली.

"पडद्यात खोलीच नाही वं," देवाजी एकदम म्हणाला. "म्हणून जमलं मले."

"म्हणून काय झालं? मले तर तिथंबी नाही जमलं."

देवाजी हसला. मग त्याचं लक्ष खालच्या पिशवीकडे गेलं. पिशवीतून चाकाची काळी कड बाहेर आली होती.

"हे काय घेतलं?"

"दिसून नाही राहिलं का?"

"अन् ते काचेचं?"

"साधं घेतलं. आत काय पाहाचं हाये एवढं?"

"तुले दिवे आवडले होते."

"आवडले होते," पायल म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. देवाजीने मांडीवरचं खोकं नीट धरलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कॉम्प्युटर जोडला. म्हणजे जोडला पायलने. देवाजी स्क्रू धरून बसला आणि हा कुठला, तो कुठला विचारत राहिला. पायलची आई अंजनाबाई दारातून म्हणाली, "पोरीले समजावाचं सोडून तुम्हीच लहान झाले." पण पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा तीही पदराला हात पुसत आत आली आणि बराच वेळ उभी राहिली.

स्टेअरिंग मात्र कपाटावर पडून राहिलं. पायल आपले खेळ खेळत होती. एकदोनदा तिने सुचवलं, तर देवाजी म्हणाला, "पाहू." ती पुन्हा बोलली नाही. आपण घाई केली की काय, असं तिला वाटू लागलं. पडद्यावर जमतं ते बाहेर जमत नाही हे दुकानात एकदा कळलं, ते घरी बसून रोज कळून घ्यावं असं त्यांना वाटत नसेल, तर?

मग एका गुरुवारी ती लॅबमधून परतली तेव्हा दारातच अंजनाबाईने तिला हाताने थांबवलं. "हळू जाय," ती म्हणाली. "केव्हाचे बसले हायेत."

देवाजी खुर्चीत ताठ बसला होता. टेबलाला चाक लावलेलं, थोडं तिरपं बसलेलं. समोर पडद्यावर रिकामं आवार, संध्याकाळचा पिवळा उजेड. ट्रक उभा होता.

"काहून थांबले, बाबा?"

"हॉर्नची कळ कोणती वं? मागं घ्याची हाये."

पायलने पडद्याकडे पाहिलं. आवारात माणूस नव्हता, कुत्रंसुद्धा नव्हतं. हा खेळ बनवणाऱ्याने तिथे कोणाला ठेवलंच नव्हतं.

"कोणी नाही तिथं."

"नसन."

तिने वाकून चाकावरची कळ दाखवली. देवाजीने ती दाबली, एकदा, मग पुन्हा. छोट्याशा स्पीकरमधून भोंगा वाजला. त्याने आरशात पाहिलं. एखाद्या माणसाला बाजूला व्हायला लागतो तेवढा वेळ थांबला, आणि मग गाडी मागे घेतली.