हरिबांनी शिवलेली खाकी पिशवी

खाकी कापडाची, लांब पट्ट्याची पिशवी मी. १९९३च्या उन्हाळ्यात सांगलीत हरिबा शिंप्यांच्या मशीनवर माझा जन्म झाला. गणवेशांच्या कापडाचे तुकडे उरले होते, त्यांतून आम्ही सहा बहिणी निघालो.

हरिबांचं दुकान एका गल्लीच्या तोंडाशी होतं. त्या गल्लीत धंदा करणाऱ्या बायका राहायच्या. वीस वर्षं हरिबा त्यांची पोलकी शिवत आले, पण एकीचंही माप त्यांनी कधी घेतलं नाही. बाई जुनं पोलकं फळीवर टाकायची आणि हरिबा त्यावरून नवं बेतायचे. "ठिवा तितं," एवढंच बोलायचे.

आम्हाला शिवायला सांगितलं ते आम्रपालीताईंनी. ताई साताऱ्याच्या, एका संस्थेत नव्याने लागलेल्या.

"एवढ्या पिशव्या कशाला वं?" हरिबांनी विचारलं.

"निरोध वाटायला, काका. एड्स पसरतोय. या बायकाच आता घरोघर फिरून सांगणार आहेत."

हरिबांचा पायडलवरचा पाय थांबला. मग त्यांनी मान खाली घालून माझी शिवण पुरी केली.

मी पारूबाईच्या वाट्याला आले. पारूबाई चाळिशीची, सीमेकडच्या खेड्यातली, लहानपणी देवीला सोडलेली. तिला अक्षर येत नव्हतं. माझ्यात निरोधची पाकिटं असायची, चित्रांची एक पुस्तिका असायची आणि तळाशी तिची मिश्रीची डबी.

पहिल्या दिवशी गल्ली हसली. एकजण म्हणाली, "पारू, तू कवापासनं डाक्टरीण झालीस गं?"

"डाक्टरीण न्हाई," पारूबाई म्हणाली. "पर आपली शेवंता ह्या रोगानं कशी गेली ते बगितलंय मी. दवाखान्यात तिच्या खाटंजवळ कुणी जात नव्हतं. तशी आणि कुणी जाऊ नये, म्हणून आलीया."

हसू थांबलं. अडचण मात्र वेगळीच होती. एकीनं निरोधशिवाय नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जायचं. शेवटी पारूबाईनं सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं. "एकीनं न्हाई म्हटलं तर ते दुसरीकडं जातंय. सगळ्यांनी म्हटलं तर कुठं जाईल?" तिथंच ठरलं. पुढचे सहा महिने भांडणं झाली, दोघींनी मारही खाल्ला, पण ठरलेलं मोडलं नाही. मी सकाळी भरून निघायची आणि संध्याकाळी रिकामी परतायची.

एकदा बाजारात एका हवालदारानं मला उलटं करून झटकलं. पाकिटं रस्त्यावर पसरली, लोक बघत राहिले. पारूबाई खाली बसली, एकेक वेचलं, आणि एक त्याच्यापुढं धरून म्हणाली, "सायेब, तुमी बी ठिवा." त्यानं घेतलं नाही. पण पुन्हा कधी अडवलंही नाही.

पंचाण्णव साली एका दुपारी हरिबा आमच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते गल्लीत शिरले होते. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"पारूबाई," ते म्हणाले. तिचं नाव त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. "माजी पद्मा आलीया. पाटणला दिलेली. जावई मानसिंग ट्रकवर होता, तो वारला. मग तिचं रक्त तपासलं, तर त्यात तुमी सांगता त्योच रोग निघाला. सासरच्यांनी आणून सोडली. आता मी काय करू, मला समजंना. कुणाला इचारावं, ते बी कळंना."

पारूबाईनं मला खांद्याला लावलं. "चला," एवढंच म्हणाली.

पद्मा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. बाजूला तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. केसांच्या जटा झालेल्या. आम्हाला पाहून ती भिंतीकडे सरकली.

"मावशी, लांब बसा," ती म्हणाली.

पारूबाई तिच्या अंथरुणावरच टेकली. तिथल्याच पेल्यात पाणी ओतून प्यायली. हरिबा दारात उभे राहून बघत होते.

"लेकीला शेवटचा हात कवा लावलासा, हरिबादादा?"

हरिबांनी उंबऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "चार म्हैनं झालं. ताट उंबऱ्यावर ठिवतो." आणि लेकीकडं बघून, "भ्या वाटतं वं. तिचं बी, आन लोकांचं बी."

"लोकांचं मला सांगू नगा. रोगाचं सांगते. शिवून ह्यो रोग लागत न्हाई. पेल्यानं, कपड्यानं न्हाई. दोन वर्सं झाली, मी हेच सांगत फिरतीया."

तिनं तेल मागितलं. दुपारभर ती पद्माचे केस सोडवत होती. गाठ ओढली गेली की पद्मा डोळे मिटायची, पण हलत नव्हती. शेवटी वेणी घालून झाल्यावर पद्मानं ती पुढं घेतली, हातात धरली आणि रडायला लागली.

हरिबा आत गेले. मला वाटलं, त्यांना बघवलं नाही. पण ते परत आले तेव्हा गळ्यात माप घ्यायची फीत होती.

"पोलकं लय सैल झालंया तुजं," ते म्हणाले. "हुबी रहा. माप घेतो."

पद्मा उठून उभी राहिली. हरिबांनी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फीत लावली. मग दंडाचं माप घेतलं, आणि दंड सोडलाच नाही. तसाच धरून उभे राहिले. पारूबाईनं मला उचललं आणि आम्ही निघून आलो.

पद्मा घरात झोपू लागली. आम्रपालीताईंनी दवाखान्याच्या खेपा केल्या, तेव्हा तिच्या खोकल्यावर क्षयाची औषधं सुरू झाली. मूळ रोगावर त्या काळी आमच्या माणसांच्या हाताला लागेल असं औषध नव्हतं. पण पद्मा पुन्हा दोन वेळा जेवू लागली, आणि एक दिवस पारूबाईला म्हणाली, "मावशी, तुमचं गल्लीत समदे ऐकतात. पर माज्यासारख्या घरातल्या बायका? त्यांना कोण सांगणार?"

पारूबाईनं डबी काढून घेतली आणि मला पद्माच्या खांद्यावर अडकवलं.

आम्ही कवठे महांकाळच्या खेड्यांत फिरलो, ट्रकवाल्यांच्या घरी गेलो. हळदीकुंकवाला पद्माला कुणी बोलवत नसे, म्हणून ती पाणवठ्यावर बसायची. आधी आपलं स्वतःचं सांगायची, मग मला उघडायची.

आणि एकदा ती पाटणला गेली. सासूनं तिला दारातच अडवलं आणि कडी लावून घेतली. पद्मा नळावर जाऊन थांबली. तासाभरानं तिची धाकटी जाऊ मयूरी घागर घेऊन आली. तिचा नवराही ट्रकवरच होता.

"मयूरी, भाऊजींना रक्त तपासायला लाव. तवर हे घे."

मयूरीनं इकडंतिकडं पाहिलं. "ते ऐकतील व्हय, आक्का?"

"पयल्यांदा न्हाई ऐकायचं. तरी म्हण. मी एकदा बी म्हणाले न्हाई."

मयूरीनं पाकिटं पदराखाली घेतली आणि घागर अर्धीच भरून गेली.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात पद्मा गेली. शेवटचे आठ दिवस हरिबांनी दुकान उघडलं नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन ते बसून असायचे. आळीतली माणसं आपापल्या दारात उभी राहिली, खांदा द्यायला कुणी पुढं झालं नाही. तेव्हा गल्लीतून पारूबाई आली आणि तिच्यामागं बायका आल्या. एक खांदा हरिबांचा, तीन त्यांचे. ज्यांचं माप हरिबांनी कधी घेतलं नव्हतं, त्यांनीच त्यांची लेक उचलली.

दहाव्याला पाटणहून मयूरी आली, एकटीच. नवरा निरोगी निघाला होता, तीही. तिनं खुंटीवरच्या माझ्याकडे बोट केलं. "ही मला द्या. आमच्याकडं गाड्यांवरची माणसं लय हायती."

आता मी पाटणला असते. माझा पट्टा दोनदा बदललाय, तळाला ठिगळ आहे. नव्या, छापील अक्षरांच्या पिशव्या आल्यात, तरी मयूरी मलाच नेते. तुमच्या दाराशी माझ्यासारखी एखादी आली, तर तिला बाहेर उभी करू नका. तिला बसायला सांगा आणि तुमच्याच पेल्यातून पाणी द्या. ती काय सांगते ते ऐकून घ्या.

सासूबाई माझ्याबद्दल अजून बोलत नाहीत. परवा मयूरी मला विसरून एसटी स्टँडकडे निघाली. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाईंनी मला पट्ट्याच्या टोकाला धरून उचललं, अंगापासून लांब, आणि तशाच चालू लागल्या. चावडीपाशी चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर येताच त्या थांबल्या. मग त्यांनी मला खांद्यावर अडकवलं, पदर नीट केला आणि भरभर पुढं निघाल्या.