दम लागतो का? नाही

ठाण्याच्या तपासणी केंद्रात फॉर्म पुढे आला आणि त्र्यंबकरावांनी खिशातून पेन काढलं. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासल्यामुळे घरातले सगळे अर्ज तेच भरत. मंदाकिनीबाईंचं काम सहीपुरतं. 'जिना चढताना दम लागतो का?' यापुढे त्यांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं.

बाईंच्या हृदयाची एक झडप गळत होती. किती, ते इकोत नीट कळेना, म्हणून हृदयाचा एमआरआय सांगितला होता. गळती मोजायची आणि मग ऑपरेशनचं ठरवायचं.

वीस मिनिटांत क्षिप्रा नावाची तंत्रज्ञ मुलगी बाहेर आली. श्वास रोखा म्हटलं की काकूंचा चौथ्या सेकंदाला सुटतो आणि चित्रं हलतात, असं तिचं म्हणणं.

"काका, फॉर्मवर दम नाही लिहिलंय तुम्ही. त्या तर झोपल्या झोपल्या धापा टाकतायत."

घाबरली असेल, त्र्यंबकराव म्हणाले. रोज तीन मजले चढणारी बाई आहे.

क्षिप्राने त्यांना यंत्राअलीकडच्या खोलीत नेलं. बाई तिथे खुर्चीवर बसल्या होत्या. दम कधीपासून लागतो, असं तिने त्यांनाच विचारलं.

"सात वर्षं झाली," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, जरा हळू, "तुमच्या लिफ्टच्या मीटिंगच्या आधीपासून."

ती मीटिंग म्हणजे त्र्यंबकरावांच्या कारकिर्दीचा कळस. मानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव आला आणि सेक्रेटरी या नात्याने त्यांनी तो चितपट केला. लिफ्टने माणसं ऐदी होतात असं त्यांचं मत होतं, आणि मत असलं की मांडायचं असंही मत होतं. शेवटी पुरावा म्हणून त्यांनी बायकोलाच उभं केलं. साठीला आली आमची ही, हिला कधी दम लागलेला पाहिलाय कुणी? बाई उभ्या राहून हसल्या. टाळ्या पडल्या, मग ठरावही पडला.

"पण मी दार उघडायचो तेव्हा तर तू..."

"बेल वाजवायच्या आधी थांबायचे मी. श्वास बसेपर्यंत."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत शब्द दिला होतात ना."

हे बोलून बाईंनी पुन्हा श्वास गोळा केला. त्र्यंबकरावांना फॉर्मकडे बघवेना. क्षिप्राने 'नाही' खोडलं, श्वास न रोखता चित्रं घेऊ, फक्त वेळ लागेल, असं सांगितलं आणि बाईंना हाताला धरून आत नेलं. मग बंद दाराआडून खडखडाट तासभर ऐकू येत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्र्यंबकरावांना कशाबद्दलच मत नव्हतं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर झडप दाखवली. दर ठोक्याला पुढे जायचं त्यातलं जवळजवळ निम्मं रक्त मागे येत होतं. ऑपरेशन करावंच लागेल, ते म्हणाले. हृदय बरंच ताणलंय, आधी आला असतात तर जोखीम कमी होती.

"त्रास नेमका कसा सुरू झाला?"

त्र्यंबकरावांनी सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

मंदाकिनीबाई सांगू लागल्या. मध्ये दोनदा त्यांना थांबावं लागलं. दोन्ही वेळा त्यांचं वाक्य पुरं करायला कुणी पुढे झालं नाही.