जावेचं हलकं मशीन

दुकानदाराने कापडाचा तुकडा मशीनखाली सरकवला आणि एक सरळ रेघ शिवून दाखवली. थोरलीने तो तुकडा हातात घेतला, अंगठ्याने चोळून पाहिला आणि परत दिला.

"खळ घातलेलं कापड आहे हे," ती म्हणाली. "यावर कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं."

"काकू, सगळं गिऱ्हाईक यावरच बघतं."

"बघत असेल."

तिने पिशवीतून स्वतःचे तुकडे काढले. एक झिरझिरीत, एक बनियनचं ताणलं जाणारं, एक पँटचं जाड, घड्या घालून चार पदरी केलेलं. वरचा धागा तिने काळा लावायला सांगितला आणि खालच्या बॉबीनला पांढरा. दोन्ही एका रंगाचे असले की टाका नक्की कुठे अडकतोय ते दिसत नाही. दुकानदाराने मुकाट्याने धागे बदलले. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की सकाळी सकाळी हे काय पुढ्यात आलं, असं त्याला झालंय.

पहिलं मशीन इतकं हलकं होतं की जाड कापडावर ते टेबलावरून पुढे सरकू लागलं.

"हे शिवतंय की घरी निघालंय?" थोरलीने विचारलं.

दुसरं जागचं हललं नाही, पण ते तिला एका हाताने उचलवेना. तिसरं चांगलं होतं. झिरझिरीत कापड त्याने ओढलं नाही, जाड कापडावर कुरकुर केली नाही. तिने ते हँडलला धरून उचललं आणि दुकानाबाहेर निघाली.

"काकू, कुठे चाललात?"

"कोपऱ्यापर्यंत. खांद्याला झेपतं का बघते."

दुकानदार गल्ला तसाच सोडून तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत आला आणि मागोमाग परत आला. खांद्याला झेपलं. किंमत मात्र झेपण्यातली नव्हती.

"जरा थांबलं म्हणजे उतरेल का भाव?" तिने विचारलं.

"चढेल," तो म्हणाला. "परवाच तुमच्या शिवण केंद्रातली एक मुलगी असलंच घेऊन गेली. बारीकशी, चष्मेवाली. तिने एवढी परीक्षा नाही घेतली बुवा."

थोरलीने तुकडे गोळा करून पिशवीत भरले. ती मुलगी कोण, हे तिला विचारायची गरज नव्हती. ती बारकी होती, तिच्या धाकट्या जावेची सख्खी बहीण. शिवण तिला थोरलीनेच शिकवलेलं.

शिवण केंद्र आपला हॉल सोडत होतं. इतकी वर्षं थोरली तिथे शिकवत होती, ओळीने मांडलेल्या काळ्या लोखंडी पायमशीनांवर. आता वर्ग आसपासच्या लहान गावांत भरणार होते, आज इथे, उद्या तिथे. शिकवणारीने बसने जायचं आणि दाखवायला मशीन स्वतःचं न्यायचं. जागा एकच होती आणि उमेदवार दोघी, थोरली आणि बारकी. शनिवारी संचालिकाबाई दोघींना स्वतःच्या मशीनवर काम करायला लावणार होत्या. ज्येष्ठतेचा विचार होईल का, असं थोरलीने विचारलं होतं. "मशीनचा होईल," असं उत्तर आलं होतं. थोरलीच्या नवऱ्याचं काम सुटून बरेच महिने झाले होते. घर तिच्या पगारावर चालत होतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

संध्याकाळी धाकटी वरच्या मजल्यावरून खाली आली. ती एका दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासायची. बोलायची कमी आणि करायची ते क्रमाने करायची, चहासुद्धा.

"वहिनी, मिळालं का मशीन?"

"बघतेय."

"माझं घ्या ना. कपाटावर पडूनच आहे. अर्ध्या किमतीत घ्या, आणि तेही जमेल तसं द्या."

थोरलीने भाजी चिरणं थांबवलं नाही. "तुला नको?"

"मी कुठे शिवते? उशीची दोन कव्हरं शिवली, तेवढंच."

"चालतं ना?"

"माझ्याकडे चालत होतं."

माझ्याकडे. हा शब्द थोरलीने बाजूला काढून ठेवला. धाकटी वर गेल्यावर तिने तो नवऱ्याला ऐकवला.

"अगं, देतेय तर घे ना," तो म्हणाला. "तुला दिलेलंही चालत नाही आणि न दिलेलंही."

"तिची बहीण माझ्यासमोर बसणार आहे शनिवारी."

"मग?"

"मग हिच्या कपाटावर मशीन असताना बहिणीने दुकानातून नवं का आणलं? पैसे वर आलेत त्यांचे?"

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी उलटी केली. "तुम्ही जावाजावांनी काय ते ठरवा. मला यात ओढू नकोस."

तरी तिने मशीन आणलं, कारण दुसरं काही आणता येणार नव्हतं. रात्रीची भांडी आवरून झाल्यावर तिने ते टेबलावर ठेवलं. पांढरं, गुळगुळीत, सगळे भाग पोटात लपवलेले. तिला ते आवडलं नाही. काळ्या मशीनचं सगळं बाहेर असतं, ताण देणाऱ्या चकत्या, स्प्रिंग, स्क्रू, बोट लावून बघता येतं. इथे धागा एका फटीतून आत जायचा आणि दुसऱ्या फटीतून बाहेर यायचा. मधे काय व्हायचं, ते मशीनलाच माहीत.

तिने झिरझिरीत तुकडा ठेवला, काळा धागा भरला आणि शिवलं. वरून टाका बरा दिसला. कापड उलटं केलं तर खाली काळ्या धाग्याचं जाळं झालेलं होतं, केसांचा गुंता निघावा तसं. तिने ते कापून काढलं, खालची बॉबीन बदलली, पुन्हा शिवलं. पुन्हा जाळं. सुई बदलली. जाळं.

"वाटलंच होतं," ती म्हणाली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी तिने मशीन दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, तेलाचा एक थेंब सोडला, धागा भरला आणि शिवून दाखवलं. खाली, वर, दोन्हीकडे नीट टाका.

"काही झालेलं नाही याला."

"काल जाळं येत होतं."

"आज नाही येत," तो म्हणाला. "बिल करू?"

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "माझी धाकटी जाऊ येते का हो तुमच्याकडे? दवाखान्यात काम करते."

"कुठल्या दवाखान्यात?"

"असू दे."

त्याने दोन्ही धागे पांढरे लावले होते. घरी येताच तिने वरचा काढून काळा भरला, आणि पहिल्याच रेघेला जाळं झालं. आता तिच्या मनात शंका शिल्लक राहिली नाही. त्याने काहीतरी दाबून, ढिलं करून तेवढ्यापुरतं चालवून दाखवलं होतं. तो त्यांना सामील होता की नुसताच लबाड, एवढाच प्रश्न उरला होता. शनिवारी संचालिकाबाईंसमोर असंच जाळं निघणार. बाई कापड उलटं करणार, नखाने गुंता उचलणार आणि काही न बोलता बारकीकडे वळणार.

गुरुवारी धाकटी कामावरून आली तेव्हा थोरली जिन्याच्या पायथ्याशी उभी होती.

"जरा आत ये. हे चालवून दाखव."

धाकटीने पर्स खाली ठेवली. "काय झालं?"

"तू चालव. मी बघते."

थोरलीने खुर्ची तिच्या कोपराला लागेल इतकी जवळ ओढली. धाकटी कुठला खटका दाबते, कुठला स्क्रू फिरवते, काय झाकून करते, ते तिला पकडायचं होतं. वर्गात पंचवीस मुलींच्या हातांवर एकाच वेळी नजर ठेवलेली बाई होती ती. धाकटीने जुना धागा काढला. मशीनच्या मागची कळ वर केली. धागा फटीतून घातला, सुईत ओवला, कापड ठेवलं, कळ खाली केली, शिवलं. कापड उलटं करून थोरलीच्या हातात दिलं. वर काळी रेघ, खाली पांढरी रेघ.

"चालतंय की," धाकटी म्हणाली.

"पुन्हा कर."

"वहिनी, मी अजून हातपायही धुतलेले नाहीत."

"एकदाच."

धाकटीने पुन्हा केलं. तेच, त्याच क्रमाने, आणि तसाच स्वच्छ टाका. मग वरून तिच्या नवऱ्याची हाक आली आणि ती उठली. "मी काही बिघडवून दिलेलं नाही," जाताना ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

थोरली एकटी राहिली. धाकटीच्या हातात नव्हतं असं काय आपल्या हातात आहे, याचा ती विचार करत बसली. मग तिने धागा काढला आणि स्वतः भरायला घेतला. उजवा हात आपोआप मागे गेला आणि त्याने कळ खाली पाडली. सुईजवळचा दाबाचा पाय कापडावर टेकला, आणि ती थांबली.

धाकटीने कळ वर केली होती. दोन्ही वेळा.

थोरली नेहमी आधी पाय खाली टाकायची. मधेच धागा तुटला तर कापड हलू नये, शिवण सरकू नये, म्हणून पाय उचलायचा नाही, तसाच धागा भरायचा. हे तिने स्वतः शोधलेलं नव्हतं, पण ती वर्षानुवर्षं हेच शिकवत आली होती. काळ्या मशीनवर चकत्या समोर दिसतात, धागा बोटाने त्यांच्यामधे बसवता येतो. इथे चकत्या पोटात होत्या. पाय खाली गेला की त्या मिटत असणार, आणि धागा त्यांच्यात न शिरता वरूनच सुईकडे येत असणार, मोकळाच.

तिने पाय वर करून धागा भरला, शिवलं. टाका नीट आला. पाय खाली ठेवून भरला. जाळं. पुन्हा वर. नीट. बाकी काही बदललं नव्हतं, ना सुई, ना कापड, ना धागा.

जिन्यावरून धाकटीचा आवाज आला, "वहिनी, कळलं का काय होतं?"

थोरलीने मशीनवरचे तुकडे मुठीत घेतले. बारकीलाही तिनेच शिकवलं होतं. बारकीचं मशीनही असंच, सगळं पोटात लपवलेलं. वर सांगितलं की ते आजच तिच्यापर्यंत पोचणार होतं.

"धागा खराब होता," ती म्हणाली.

शनिवारी केंद्राच्या रिकाम्या हॉलमधे दोन टेबलं मांडलेली होती. संचालिकाबाईंनी आधी थोरलीच्या मशीनमधला धागा उपसून काढला, मग बारकीच्या मशीनमधला, दुकानदाराने भरून दिलेला.

"घरून भरून आणलेला नको. इथे भरा."

थोरलीने पाय वर केला आणि धागा भरला. बाईंनी शिवलेलं कापड उलटं केलं, नख फिरवलं, बाजूला ठेवलं. मग त्यांना फोन आला आणि त्या खिडकीपाशी गेल्या.

बारकीच्या टेबलावर तोवर तिसरा तुकडा झाला होता. तिन्हींच्या खाली जाळं होतं. तिने बॉबीन काढली, घातली, पुन्हा काढली. तिचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि तो वर करायला हात मोकळा नव्हता.

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. मग थोडं वाकून हळूच म्हणाली, "पाय वर कर. मग धागा भर."

बारकीने मान वर केली. तिने थोरलीकडे पाहिलं, थोरलीच्या नीट शिवलेल्या कापडाकडे पाहिलं, पुन्हा थोरलीकडे पाहिलं.

"बाई, तुम्हीच तर शिकवलंत. पाय उचलायचा नाही म्हणून."

"या मशीनला उचलायचा."

"आजच?"

"अगं, ऐक माझं."

"राहू दे, बाई. करते मी माझं."

तिने कळ खाली पाडली, घट्ट, कुणी वर करेल की काय अशी, आणि धागा भरायला घेतला. संचालिकाबाई फोन संपवून परत आल्या. त्यांनी तिचं कापड उलटं केलं आणि नखाने गुंता उचलला.

संध्याकाळी थोरली मशीन खांद्याला लावून घरी आली तेव्हा धाकटी खालच्याच स्वयंपाकघरात होती. तिने चहा गाळला आणि कप पुढे केला.

"मिळाली ना जागा?"

"मिळाली."

"बारकीचा फोन आला होता. घरी जाऊन पाय वर करून बघितलं म्हणे तिने. चाललं."

"मी सांगितलं होतं तिला."

"हो, म्हणाली ती. तिला वाटलं तुम्ही घोळात घेताय." धाकटीने गाळणी धुतली. "तिने माझं मशीन का नाही घेतलं माहितेय? लहानपणापासून माझे उतरलेले कपडे घातले तिने. एक तरी वस्तू स्वतःची हवी होती." ती वळली. "वहिनी, तुम्हाला कधी कळलं?"

"तिथेच सुचलं" असं म्हणता आलं असतं. धाकटीने ते मानलंही असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं.

"गुरुवारी," थोरली म्हणाली.

धाकटीने गाळणी जागेवर लावली. मग ओटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसला.

"उद्या आणते तिला," शेवटी ती म्हणाली. "पुन्हा कुठे जागा निघेल तेव्हा यायला हवं ना. पहिल्यापासून शिकवा."

"येईल ती? माझ्यावर विश्वास ठेवेल?"

"नाही ठेवणार. पण तुमच्या हातांकडे नीट बघेल," धाकटी म्हणाली, आणि स्वतःचा कप उचलून वर गेली.