बाईंचा घसा बसला त्या दिवशी

बाईंचा गळा असा खणखणीत, की वर्गात पाढे सुरू झाले की रस्त्याने जाणारा पोस्टमनही सायकल ढकलत पुढचा आकडा म्हणून जायचा. एका खोलीत चार इयत्ता सांभाळायच्या म्हणजे असाच गळा हवा. पण सुताराच्या धाकट्या लेकीपुढे त्याची मात्रा चालत नव्हती. घरी हिची टकळी बंद व्हायची नाही आणि शाळेत तोंडाला कुलूप. बाईंनी लाडीगोडी लावून पाहिली, एकदा चांगलं खडसावलंही. पोरगी ढिम्म.

शेवटी तिची आई येऊन सांगून गेली, "बाई, तुमचा काही दोष नाही. पण शहरात अशा मुलांची शाळा आहे म्हणे, तिथेच राहायचं. सोमवारी पोचवते तिला." एवढीशी पोर, आईवाचून राहणार.

आणि शुक्रवारी नेमका बाईंचा घसा बसला. आज सगळी पोरं शाळा डोक्यावर घेणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"पुस्तकं काढा," त्या कशाबशा कुजबुजल्या.

"कुठलं पान?" पोरंही कुजबुजली.

कुणी सांगितलं नव्हतं, दटावलं नव्हतं. बाई हळू बोलतात म्हणून पहिली हळू बोलू लागली, आणि पहिलीचं ऐकून चौथीतले दांडगटही. कविता कुजबुजत झाली. चहाड्यासुद्धा कानाशी येऊन सांगितल्या गेल्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, हे बाईंना इतक्या वर्षांत आज कळलं.

पाढे चालले होते. बाई रांगांमधून फिरत सुताराच्या लेकीपाशी आल्या आणि त्यांचे पायच उचलेनात. पोरगी म्हणत होती. बे साते चौदा. वर शेजारणीचं चुकलं म्हणून तिला कोपराने ढोसत होती.

बाई श्वास रोखून तिच्यापुढे वाकल्या. पोरीने त्यांच्या कानाला तोंड लावलं.

"बाई, आज तुम्हालापण भीती वाटते?"

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"मग माझ्याजवळ बसा," म्हणत तिने सरकून जागा केली.

विसरलेला डबा घेऊन आलेली तिची आई दारातच थबकली होती. तिने आत पाऊल टाकलं नाही. तीही हळूच म्हणाली, "बाई, सोमवारी इथेच पाठवते हं."