जस्ताचा मुलामा

सूर्यकांत दाबके दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं धातू तपासून निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे ओतून गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला आले. वर्ष सरलं नाही तोच नळाला तांबूस पाणी! आणि बिल्डरला घाई कसली, तर 'सर्व काम उत्तम' असं लिहून घेऊन अंग काढून घ्यायची. त्या कागदावर तांत्रिक सभासद म्हणून सही हवी होती सूर्यकांतरावांची. ती झाली की पाइप बदलून मागायची सोयच उरत नव्हती.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एका रविवारी सभा भरली. बिल्डरच्या टायवाल्या मॅनेजरने क्लबहाउसचं चित्र दाखवलं आणि तो गर्जला, "हमें सब रेसिडेंट्स को गॅल्व्हनाइज करना है!" टाळ्या पडल्या. सूर्यकांतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते उठले. हा शब्द आला कुठून, हे त्यांनी हिंदीत ठणकावून सांगितलं. इटलीत गॅल्व्हानी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले आणि पाय उडाला. त्यांच्या नावावरून विजेचा झटका देण्याचं क्रियापद झालं. पुढे लोखंडावर जस्त चढवण्यालाही तेच नाव पडलं. माणसांना चेतवण्याचा अर्थ त्याच्याही नंतरचा.

"पहले पाइप की बात कीजिए!" असं म्हणत त्यांनी पिशवीतून स्वतःच्या बाथरूमच्या पाइपाचा तुकडा काढला आणि बरोबर आणलेल्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवला. चांगलं जस्त एकेक मिनिटाच्या चार बुड्या सोसतं. हा तुकडा पहिल्याच बुडीत मोरचुदातल्या तांब्याने लालेलाल झाला, म्हणजे लोखंडावर जस्त नावालाच होतं.

"अंकल, ये लॅब नहीं, घर है," मॅनेजर म्हणाला. लोक चक्क हसले! कोणीतरी सूर्यकांतरावांच्या हातात पेन कोंबलं.

तेवढ्यात अलकनंदाबाई, त्यांची बायको, उठल्या. कोपऱ्यातल्या नळाचं पाणी पेल्यात भरून त्यांनी मॅनेजरपुढे ठेवलं.

"पहले आप पी लीजिए, भाईसाहब. फिर ये साइन करेंगे."

मॅनेजरने पेला पाहिला, मग घड्याळ. "मॅडम, मैं यहाँ का पानी नहीं पीता."

सूर्यकांतरावांनी पेन पेल्याशेजारी ठेवून दिलं. मघाशी हसलेल्या साऱ्यांची मुलं वर्षभर तेच पाणी पीत होती.