कामठी रोडवरचा बिनखांबी छज्जा

मित्रांनो, मी नागपूरच्या कामठी रोडवरची मोटारींची एक जुनी शोरूम आहे. बासष्ट साली माझ्यात पहिली गाडी येऊन उभी राहिली. समोर छतापर्यंत काच, आत वळणदार जिना आणि दारापुढे बारा फूट बाहेर आलेला छज्जा. त्याला खाली एकही खांब नव्हता. आधाराच्या फळ्या काढायच्या दिवशी मजूर घाबरून मागे सरले, तेव्हा गणपतराव मिस्त्री स्वतः खाली जाऊन उभे राहिले. म्हणाले, "काढा आता." छज्जा केसभरही हलला नाही.

त्या काळी नाव नोंदवून मोटारीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे माझ्या एवढ्या मोठ्या दालनात बहुधा एकच गाडी असे. तिला पाहायला पार गांधीबागेतून माणसे येत, काचेला नाक लावून उभी राहत. ते ठसे गणपतरावांची बायको रंभाबाई रोज सकाळी पुसायची. पुढे गणपतराव वारले. ती मात्र कामावर येत राहिली.

एकोणऐंशीत मालकांनी धंदा दुसरीकडे हलवला आणि मला कुलूप लागले. पाच वर्षे माझ्यात कोणी बोलले नाही. धुळीने काच आंधळी झाली. रस्त्यावरून रिक्षा जात, पण मान वळवून कोणी बघत नसे. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

यंदा, चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, मालकांचे चिरंजीव भैयाजी यांनी मला पाडायचे ठरवले. ते कळताच प्रेमिला नावाची वास्तुकलेची विद्यार्थिनी टेप आणि कॅमेरा घेऊन आली.

भैयाजी हसले. "सोमवारी पाडूनच राहिलो. मोजून काय करशीन वं पोरी?"

"म्हणूनच तं आली. मंगळवारी काय मोजू?"

त्यांनी किल्ली दिली. माझा मूळ नकाशा मात्र वाळवीने केव्हाच खाल्ला होता.

टेपचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. दार उघडे दिसले म्हणून मागच्या वस्तीतून रंभाबाई डोकावली आणि काही न विचारता तिने टोक धरले. दोन दिवस दोघी भर उन्हात माझे अंग अंग मोजत होत्या.

"हा छज्जा कोणी केला, मावशी?"

"नकाशा इंजिनेर साहेबाचा. बांधला आमच्या त्यायनं. दोनदा तोडला, तिसऱ्यांदा जमला."

"त्यांचं पूर्ण नाव सांगा. इथं लिहायचं आहे."

रंभाबाईने पदर ओढून घेतला. तिने कधी नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. प्रेमिला पेन्सिल धरून थांबली. खूप वेळाने रंभाबाई खाली बघत म्हणाली, "गणपतराव नथ्थूजी." रिकाम्या दालनात ते नाव घुमले.

प्रेमिलाने ते छज्ज्याच्या चित्राखाली लिहिले.

"वाचून दाखव," रंभाबाई म्हणाली. आणि मग, "आणखी एकदा."

मित्रांनो, आज रविवार आहे. मला वाचवा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्या गावातली एखादी इमारत पडणार असेल, तर आधी टेप घेऊन आत जा. ती कोणी बांधली, ते जवळपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती लगेच सांगणार नाहीत. थांबा.