दुसरी पंगत

गेणबाच्या घराण्यातली एक गोष्ट साऱ्या कोळवण खोऱ्याला ठाऊक होती. त्या घरातल्या बाया म्हाताऱ्या व्हायच्या आणि गडी साठीच्या आतच उलथायचे. आजा गेला, बाप गेला, चुलता गेला. आजी मात्र नव्वदी ओलांडून, हातातलं खुरपं बाजूला ठेवून मगच गेली. गेणबाची आई लीलाबाई पंच्याऐंशीची झाली, तरी भाताच्या खाचरात एकदा वाकली की लवकर वर बघायची नाही.

गेणबाला आता साठावं लागलं होतं.

गावचा देव टेकडीवर. चैत्रातल्या जत्रेला देवाची काठी, म्हणजे निशाण लावलेला भलामोठा बांबू, खालून वर न्यायचा मान गेणबाच्या घराचा. वाटेत काठी भुईला टेकवायची नाही, असा रिवाज. मागल्या जत्रेत उंबराच्या वळणावर गेणबाचा ऊर लोहाराच्या भात्यासारखा झाला आणि काठी टेकणार तोच चुलतभाऊ जनार्दनाच्या पोराने, दिग्विजयने, ती झेलली.

जनार्दन तिथल्या तिथं बोलला, "गेणबा, फुडल्या साली जमलं तर उचल. न्हाईतर मान आमच्या दिग्याकडं. देवाला वाटंत ताटकळत ठिवायचं व्हय?"

चार जाणत्यांनी मुंड्या हलवल्या. गेणबाला वाटलं, आपल्या तिरडीलाच बांबू तोडतायत.

पिरंगुटच्या डॉक्टरने रक्त तपासलं. साखर वाढलेली, वजन वाढलेलं. "वजन उतरवा काका, नाहीतर..." एवढंच म्हणून तो थांबला. त्या 'नाहीतर'चा अर्थ गेणबाला भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरी रोज सांगतच होत्या.

रस्त्याकडचं वावर विकून त्याने भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. तेव्हापासून तो ओट्यावरच्या खुर्चीत असायचा आणि ताट खुर्चीपाशी यायचं.

घरी येऊन त्याने आईला गाठलं. "आये, तू खातीस तरी काय गं?"

"मी? तुमी जेवल्यावर टोपात जे उरंल ते," लीलाबाई तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली.

गेणबाने बायकोला, हौसाबाईला, फर्मान सोडलं. "आजपासनं आये खाती तेच मला." नाचणीची भाकरी आली, हुलग्याचं माडगं आलं, लसणाची चटणी आली. दोन महिने गेले. डॉक्टरच्या काट्यावर उभा राहिला तर काटा जागचा हलेना.

"नाचणीनं बी फशिवलं," म्हणत तो घरी आला.

एका दुपारी हौसाबाई माहेरच्या लग्नाला गेलेली. लीलाबाईने लेकाला वाढलं. गरम भाकरी, मग अजून एक, मग "घे की रं, केवढीशी ती" म्हणून आणखी एक. गेणबा जागचा न हलता खात राहिला. ढेकर देऊन तो खाटेवर कलंडला आणि तेव्हा आई चुलीपाशी जेवायला बसली.

अर्धी भाकरी घेतली. मीठ हवं म्हणून उठली. बसली. कोंबडी आत आली, तिला हाकलायला उठली. बसली. पाण्याला उठली. भुईला हात न टेकता उठत होती, बसत होती. उरलेला तुकडा कुत्र्याला घालायला दारापर्यंत गेली आणि परत जेवायला बसलीच नाही. तोंड धुऊन सूप हातात घेतलं.

गेणबा उठून बसला. इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून आईला जेवताना त्याने कधी बघितलंच नव्हतं. तो तेच अन्न खात होता, पण ते त्याच्या ताटात चालत येत होतं. आईला मात्र घासासाठी उठावं लागत होतं, आणि आग्रह करायला कुणी नव्हतं.

हौसाबाई परतल्यावर त्याने सांगून टाकलं, "मी आता तुमच्यासंगं जेवणार. दुसऱ्या पंगतीला. खाली बसून. माझं मी घेईन."

"अवो, लोकं म्हणतील, नवऱ्याला वाढत न्हाई!"

"म्हणू देत. लोकं तिरडीबी बांधून देतील."

पहिल्या दिवशी पाण्याला उठताना त्याने भिंत धरली, खांब धरला आणि शेवटी हौसाबाईचा खांदा धरला. पोटभर हसणं झालं. पण तिसरी भाकरी घ्यायला परत उठायचं जिवावर आलं आणि भूक दोनवरच भागली. हळूहळू दिवेलागणीच्या आत जेवण उरकू लागलं. खुर्ची भाडेकरूला दिली. सकाळी तो आईमागे खाचरात जाऊ लागला. आधी नुसता बांधावर उभा राहायचा, मग वाकायला लागला.

जनार्दनाने ऐन चावडीवर गाठलं. "काय रं, बायकांच्या पंगतीला बसतुयास म्हणं? आता लुगडं नेस की!"

शेजारून डोईवर भारा घेऊन लीलाबाई चालली होती. ती थांबलीसुद्धा नाही. "नेसंल माजा गेण्या. आन् काठी लुगड्यात चढवून दावंल तुला."

चैत्र आला. ढोल-ताशा कडाडला. गेणबाने काठी खांद्याला लावली. दिग्विजय हात पुढे करूनच शेजारून निघाला. उंबराचं वळण आलं. श्वास वाढला, पण भाता झाला नाही. चढ उभा झाला तसा मागून धापांचा आवाज येऊ लागला. गेणबाने वळून बघितलं तर दिग्विजय कमरेवर हात ठेवून दगडाला टेकलेला.

"काका... जरा दमानं..."

"काठी टेकवायची नसती रं बाळा," गेणबा म्हणाला, "तू टेक."

वर निशाण फडकलं आणि गुलाल असा उधळला की माणसाला माणूस दिसेना. लीलाबाई केव्हाच येऊन पायरीवर बसली होती. लेकाला बघून तिने नुसता पदर डोळ्यांना लावला.

मग जेवणं. "मानकरी, बसा पहिल्या पंगतीला!" जनार्दनानेच जागा पुसून दिली.

गेणबाने आमटीची बादली उचलली. "आज बाया पहिल्या. गड्यांनो, उठा, वाढायला लागा."

मग पहिला जनार्दनच भाताचं घमेलं घेऊन उठला, तोंडातल्या तोंडात पुटपुटत का होईना.

लीलाबाई पंगतीत मधोमध बसली. गेणबा तिच्यापुढे वाकला. "घे की आये, अजून एक पळी."

म्हातारीने ताटावर आडवा हात धरला.

"बास! असंच घे-घे करून तुज्या बापाला घालवला आमी. मला अजून लई जगायचंय."